व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये टोन कुठे बसतो, आणि चॅनेल बदललं की काय बदलतं

सावंतवाडीत माझ्याकडे गिटारचे व्हॉल्व्ह ॲम्प, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, दुरुस्तीला येतात ते बहुतेक दोन मोसमांत. गणपतीच्या आधी चाकरमानी मुंबईहून येताना घेऊन येतात, आणि नाताळच्या आधी मालवण-वेंगुर्ल्याकडची बँडवाली मुलं आणतात. फ्यूज उडाला, घरघर येते, आवाज मध्येच बसतो, या तक्रारी नेहमीच्याच. पण एक तक्रार अशी आहे, की ती घेऊन आलेल्या ॲम्पमध्ये बरेचदा काहीच बिघडलेलं नसतं. मालवणच्या एका मुलाने ती मला यंदा अशी सांगितली:

"काका, क्लीन चॅनेल मस्त वाजता. पण पायान लीड केलंय काय सगळो आवाज गढूळ होता. बेस फुगता, कॉर्ड कळणत नाय."

क्लीन म्हणजे स्वच्छ आवाजाचं चॅनेल, लीड म्हणजे मुद्दाम फाटका आवाज करणारं; पायाच्या स्विचने एकावरून दुसऱ्यावर जातात. त्या मुलाने आधीच व्हॉल्व्ह बदलून पाहिले होते. आता स्पीकर बदलायचा विचार चालला होता, म्हणजे आणखी काही हजार रुपये. मी ॲम्प न उघडता आधी नॉब पाहिले. बेस आठवर, मिड तीनवर, ट्रेबल सातवर. क्लीनला हे खरंच छान वाजत होतं. बेस दोनवर आणला, मिड सातवर नेला आणि त्याला लीडवर वाजवायला सांगितलं. कॉर्डमधला एकेक सूर वेगळा ऐकू यायला लागला. मग त्याने पाय मारून क्लीन केलं आणि चेहरा पाडला. "आता ह्या पातळ झाला."

त्याच्या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. आणि दोन्हींचं कारण एकच होतं: टोनचं सर्किट त्या ॲम्पमध्ये कुठे बसवलंय, आणि चॅनेल बदलताना ते जागचं हलतं की नाही. गिटारवाली मुलं यावर फारसं बोलत नाहीत. कुठला व्हॉल्व्ह, कुठला स्पीकर, कुठला पेडल यावर रात्र रात्र बोलतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मोजायचा. तो सगळ्यात आधी ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या एका अर्ध्यात जातो. अमेरिकन लोक याच व्हॉल्व्हला १२एएक्स७ म्हणतात. एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल मोठा करणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. ट्रायोडच्या प्लेट या टोकाला १०० के चा रेझिस्टन्स (के म्हणजे हजार ओहम), कॅथोड या टोकाला दीड के चा, ही जोडी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जुन्या ॲम्पपासून आजच्या ॲम्पपर्यंत जिकडेतिकडे दिसते. असा एक टप्पा सिग्नल साधारण पन्नास-साठ पट करतो. पुढे टोन, व्हॉल्यूम, आणखी एखाददोन टप्पे, मग फेज इन्व्हर्टर (सिग्नलचे दोन एकमेकांना उलट भाग करणारा टप्पा), पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर.

माझे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत शेवटचा व्हॉल्व्ह अनेकदा ईएल८४ असायचा. तोच ईएल८४, चारच्या संख्येने, व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या गिटार ॲम्पमध्ये बसतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण त्या रेडिओंचा टोन अगदी साधा: एक कंडेन्सर, एक पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टन्स), वरची पट्टी अर्थला सोडून द्यायची. आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकायला आणि नाट्यगीतं ऐकायला तेवढं पुरायचं. गिटार ॲम्पमधला ट्रेबल-मिड-बेसचा संच वेगळ्याच जातीचा आहे.

साठच्या दशकातल्या काळ्या पॅनेलच्या फेंडरमधला संच घ्या, कारण बाकीचे बहुतेक त्याच्याच घरातले आहेत. ट्रेबलला २५० पीएफचा (पिकोफॅरडचा) कंडेन्सर, बेसला पॉइंट वन, मिडला ०.०४७ मायक्रोफॅरड. मध्ये १०० के चा एक रेझिस्टन्स, त्याला स्लोप रेझिस्टन्स म्हणतात. ट्रेबल आणि बेसचे पॉट २५० के, मिडचा फक्त १० के. एवढ्याच सामानाने तो सगळा ओळखीचा आवाज घडतो.

याबद्दल पहिली लक्षात ठेवायची गोष्ट: हा संच काहीही वाढवत नाही. त्यात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, त्याला स्वतःचा सप्लाय नाही. तो फक्त काढून घेतो. ट्रेबल दहावर नेला म्हणजे ट्रेबल वाढला असं आपल्याला वाटतं; खरं तर तो कमी कापला गेला. मिडचा नॉब असलेल्या फेंडरवर ट्रेबल, मिड, बेस तिन्ही शून्यावर आणा, व्हॉल्यूम पाचवर ठेवा आणि वाजवा. जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. तिन्ही नॉब शून्यावर असताना सिग्नलला अर्थला जायची सरळ वाट मिळते. मिडचा नॉबच नसलेल्या मॉडेलांत, उदाहरणार्थ डिलक्स रिव्हर्बमध्ये, त्याच्या जागी ६.८ के चा पक्का रेझिस्टन्स असतो, म्हणून तिथे आवाज पूर्ण मरत नाही.

दुसरी गोष्ट: तिन्ही नॉब एकमेकांत अडकलेले आहेत. ट्रेबल फिरवला की मिडची खोली बदलते. बेस खाली आणला की मिडचा नॉब वेगळा वागायला लागतो. सगळे पाचवर ठेवले म्हणजे आवाज 'सरळ' झाला हा समज तर अगदी चुकीचा आहे. पाच-पाच-पाचवर फेंडरचा मधला भाग, ५०० हर्ट्झच्या आसपास, चांगला खोल बसलेला असतो. त्याला जमेल तितका सपाट करायचा असेल तर ट्रेबल आणि बेस जवळजवळ शून्यावर आणि मिड पूर्ण, असं ठेवावं लागतं. करून बघा. गिटारचा लाकडी, थोडा खडबडीत आवाज पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटेल.

मार्शलची गोष्ट इथूनच सुरू होते. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ बनला तो फेंडरच्या बासमन ५एफ६-ए या सर्किटवरून. त्यात स्लोप रेझिस्टन्स १०० के नव्हे तर ५६ के होता. पुढे मार्शलने तो ३३ के वर आणला, ट्रेबलचा कंडेन्सर ५०० पीएफपर्यंत मोठा केला, बेस आणि मिडचे दोन्ही कंडेन्सर ०.०२२. परिणाम असा की मधली खोलगट जागा वर सरकली आणि उथळ झाली. मधले सूर टिकले, म्हणून ड्रम आणि बासच्या गर्दीतही मार्शल ऐकू येतो. जत्रेतल्या स्टेजवर, शेजारी ढोल आणि कॅसिओ चालू असताना, फेंडरच्या सेटिंगवर गिटार हरवते आणि मुलं व्हॉल्यूम वाढवत बसतात. तिथे व्हॉल्यूमला हात लावायच्या आधी मिड वाढवावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

व्हॉक्स एसी३० च्या 'टॉप बूस्ट' चॅनेलमध्ये तर मिडचा नॉबच नाही, तिथे १० के चा पक्का रेझिस्टन्स. शिवाय पॉवर व्हॉल्व्हच्या अलीकडे 'कट' नावाचा एक नॉब, जो उलटा चालतो: वाढवला की ट्रेबल कमी होतो.

आता खरा मुद्दा, जागेचा.

फेंडरमध्ये टोनचा संच पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतो. मार्शलमध्ये दोन टप्पे झाल्यावर कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल न वाढवता नुसता पुढे देणारा टप्पा, आणि त्याच्यानंतर टोन. क्लीन वाजवताना हा फरक फार जाणवत नाही. पण जिथे व्हॉल्व्ह फुटायला लागतो, म्हणजे सिग्नल त्याच्या मर्यादेला धडकून कापला जायला लागतो, तिथून सगळं बदलतं. टोन त्या फुटण्याच्या आधी आहे की नंतर, यावर त्या नॉबचं कामच वेगळं होतं.

गिटारच्या सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झचा. मंद्र सुरांच्या लहरी उंचीने मोठ्या असतात, वरचे सूर त्यांच्यावर छोट्या लहरींनी स्वार झालेले असतात. हे सगळं मिळून व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या टोकावर, आलं की मर्यादा आधी कोण गाठतं? मोठी लहर. ती वर चढून कापली जाते त्या क्षणी तिच्यावरच्या छोट्या लहरीही कापल्या जातात. वरचे सूर त्या वेळात नाहीसेच होतात. शिवाय दोन सूर एकत्र फुटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर जन्माला येतात, जे कॉर्डमध्ये बसत नाहीत. कॉर्ड कळत नाही म्हणतात ते यामुळे.

तिसरा त्रास आणखी खोल आहे. सिग्नल इतका मोठा झाला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, तेव्हा ग्रिडमधून थोडा करंट वाहतो आणि आधीच्या जोडणीच्या कंडेन्सरमध्ये चार्ज साठतो. तो उतरेपर्यंत व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडल्यासारखा राहतो. कंडेन्सर ०.०२२ चा आणि पुढचा रेझिस्टन्स एक मेगचा (दहा लाख ओहमचा) असेल तर त्या जोडीचा वेळ बावीस मिलिसेकंद. ०.००२२ चा असेल तर दोन पॉइंट दोन. बेस जास्त असेल तर हे पुन्हा पुन्हा होतं आणि सूर तुटक तुटक फुसकारतो. मुलं याला स्पीकर फाटला म्हणतात. स्पीकर शाबूत असतो.

म्हणून फुटण्याच्या आधी बेस कमी हवा. फुटल्यानंतर तो हवा तितका वाढवा. तयार झालेल्या लहरीला खालचं वजन दिलं तर आवाज भरदार होतो, गढूळ होत नाही.

ज्यांनी चांगले लीड ॲम्प बनवले त्यांनी हे आपापल्या पद्धतीने सोडवलं. मार्शलच्या जेसीएम८०० मध्ये, मॉडेल २२०३, टोनचा संच सगळ्या फुटणाऱ्या टप्प्यांच्या नंतर आहे. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर २.७ के आणि फक्त ०.६८ मायक्रोफॅरड. फेंडरमध्ये तिथे २५ मायक्रोफॅरड असतो, जो गिटारचे सगळे सूर सारखेच वाढवतो. ०.६८ मात्र खालच्या सुरांना पूर्ण गेन, म्हणजे वाढ, मिळू देत नाही. साधारण ८७ हर्ट्झपासून वर गेन चढत जातो. दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडवर १० के, कंडेन्सर नाही, त्यामुळे तो व्हॉल्व्ह मुद्दाम थंड, म्हणजे कमी करंटवर, चालतो आणि लहरीची एक बाजू लवकर कापतो. त्या ॲम्पचा करकरीतपणा बऱ्याच अंशी तिथला.

मेसा बूगी या अमेरिकन कंपनीची मार्क मालिका उलट आहे. तिथे टोनचा संच पहिल्या टप्प्यानंतर लगेच, फेंडरसारखा, आणि लीडचे जादा टप्पे त्याच्या पुढे. म्हणून मार्क वाजवणारे जाणते लोक बेसचा नॉब एक-दोनवरच ठेवतात आणि खालचं वजन नंतर येणाऱ्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर वाढवतात. ज्याला हे ठाऊक नाही तो बेस सहावर ठेवून ॲम्पला नावं ठेवतो.

चॅनेल बदलणं म्हणजे या साखळीचा रस्ता बदलणं. माडा-पोफळीच्या बागेत शिंपण करताना एका पाटाचं तोंड मातीने बुजवतात आणि दुसऱ्याचं फोडतात. विहीर तीच, पाणी तेच, पण दुसऱ्या पाटाने ते वेगळ्या आळ्यांमधून फिरून येतं. ॲम्पमध्ये पहिला व्हॉल्व्ह आणि शेवटचे पॉवर व्हॉल्व्ह दोन्ही चॅनेलांना सामाईक असतात. मधली वाट बदलते.

पूर्वी असं पायाने बदलता येत नव्हतं. फेंडरच्या जुन्या ॲम्पवर नॉर्मल आणि व्हायब्रॅटो अशी दोन चॅनेलं होती, पण दोघांचे जॅक वेगळे. चॅनेल बदलायचं तर केबल उपटून दुसरीकडे लावायची. चार जॅकच्या मार्शलमध्ये लोक एक छोटी केबल लावून दोन्ही चॅनेलं जोडत, एकात ट्रेबल जास्त, एकात बेस जास्त, आणि दोन व्हॉल्यूमनी टोन मिसळत. ती युक्ती आजही सुंदर आहे. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी छोट्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये जादा टप्पे घालायला सुरुवात केली, त्यातून मेसा बूगी उभी राहिली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी मार्क टू मध्ये लीड पायाने चालू-बंद करता यायला लागलं.

आज बाजारात दोन चॅनेलचे म्हणून जे ॲम्प मिळतात त्यांचे ढोबळ प्रकार तीन. काहींत दोन्ही चॅनेलांना टोनचा संच स्वतंत्र असतो. पॅनेलवर ट्रेबल-मिड-बेस दोनदा दिसतात. काहींत संच एकच असतो आणि फुटण्याच्या नंतर असतो. काहींत एकच असतो आणि आधी असतो. मालवणच्या मुलाचा ॲम्प या तिसऱ्या प्रकारातला.

पॅनेलवर संच एकदाच दिसत असेल तर तो आधी आहे की नंतर, हे ॲम्प न उघडता कानाने कळतं. लीड चॅनेलवर जा, गेन चांगला चढवा, खालच्या दोन तारांवर कॉर्ड धरून वाजवत राहा आणि कुणाला तरी बेसचा नॉब हळूहळू फिरवायला सांगा. फुटण्याचा पोतच बदलत असेल, बेस वाढताना सूर लोळायला लागत असतील आणि कमी करताना आवळत असतील, तर टोन आधी आहे. पोत तसाच राहून फक्त खालचा भाग कमीजास्त होत असेल तर टोन नंतर आहे. टोन आधी असेल तर बेस हा जणू गेनचाच एक नॉब समजून वापरायचा.

प्रेझेन्सबद्दल थोडक्यात. तो टोनच्या संचाचा भाग नाही. तो पॉवर ॲम्पच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून मागे आणलेल्या सिग्नलच्या वाटेत, बसतो आणि वरच्या सुरांचा फीडबॅक कमी करतो, म्हणून ते सूर पुढे येतात. बहुतेक ॲम्पमध्ये दोन्ही चॅनेलांना तो एकच.

व्हॉल्यूमवरचा ब्राइट कंडेन्सर मात्र लोकांना फसवतो. फेंडर ट्विनमध्ये १२० पीएफ, जुन्या शंभर वॉटच्या मार्शलमध्ये ५००० पीएफपर्यंत. व्हॉल्यूम खाली असताना वरचे सूर या कंडेन्सरमधून वळसा घालून पुढे जातात, म्हणून घरात हळू वाजवताना ॲम्प कानाला टोचतो. व्हॉल्यूम वर नेला की वळशाचं कामच उरत नाही आणि तोच ॲम्प गोड लागतो. घरी ठरवलेला टोन स्टेजवर चालत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता रस्ता बदलणारी वस्तू. ती तीन प्रकारची दिसते: रिले, एलडीआर आणि एफईटी. रिले म्हणजे छोटं लोखंडी स्विच, आत कॉइल, पाच किंवा बारा व्होल्टवर ओढलं जाणारं. सिग्नलला तो तारेसारखा, काही रंग चढवत नाही. पण त्याच्या दोन टोकांवर जरा जरी वेगळा डीसी असला तर बदलताना 'टप्' असा आवाज येतो. अलीकडचा कंडेन्सर गळका झाला की हा आवाज दिवसेंदिवस वाढतो. कंडेन्सर चांगला असूनही येत असेल तर संपर्काच्या मोकळ्या टोकाकडून अर्थला एक ते दहा मेगचा रेझिस्टन्स घातला की बरेचदा थांबतो.

एलडीआर म्हणजे बंद डबीत एक एलईडी आणि समोर प्रकाशाने बदलणारा रेझिस्टन्स. त्यात हलणारं काही नाही, आणि तो बदलायला काही मिलिसेकंद घेतो, म्हणून आवाज मऊ बदलतो. सोल्डानोच्या एसएलओ१०० मध्ये हेच वापरलंय. एफईटी हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, स्वस्त आणि छोटा, पण त्याला मोठा सिग्नल सोसत नाही. व्हॉल्व्हच्या प्लेटवरच्या झोक्यांसमोर तो टिकत नाही, म्हणून सिग्नल लहान असेल तिथेच त्याला जागा.

आमच्या किनाऱ्यावर यांत एक वेगळा हिशेब येतो. जूनपासून हवेत नुसतं पाणी, आणि खाडीकाठच्या घरांत मीठही. उघड्या संपर्कांवर थर चढतो. चॅनेल बदलत नाही म्हणून जे ॲम्प येतात त्यांत रिले क्वचितच दोषी असतो, कारण तो बंद डबीत असतो. दोषी असतो फूटस्विचचा जॅक, नाहीतर केबल. दोन कामांच्या फूटस्विचला स्टिरिओ जॅकची केबल लागते. ती हरवली म्हणून साधी गिटारची केबल लावली, की मोनो जॅक दुसऱ्या तारेला कायमचा अर्थ करतो आणि एक काम अडकून बसतं: चॅनेल बदलत नाही, किंवा रिव्हर्ब सुरू होत नाही. पहिल्यांदा केबल बघा.

दुसरी जागा इफेक्ट्स लूपची, म्हणजे ॲम्पच्या मध्येच बाहेरचा इफेक्ट जोडायच्या सोयीची. मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात. त्यांत काही लावलं नसेल तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकमधल्या एका पत्र्याच्या संपर्कातून पुढे जातो. तो संपर्क कधीच हलत-घासत नाही, नुसता दमट हवेत बसलेला असतो. त्याच्यावर थर चढला की आवाज बारीक होतो, खरखरतो, आणि जोरात कॉर्ड मारली की क्षणभर परत येतो. अनेकदा हे एकाच चॅनेलवर जास्त जाणवतं म्हणून लोक चॅनेलच बिघडलं समजतात. तपासणी सोपी: एक छोटी केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज सुधारला तर दोष त्या पत्र्यात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅक काही वेळा आत-बाहेर केला की काम होतं.

पावसाळ्यात ॲम्प झाकून कोपऱ्यात ठेवून देऊ नका. आठवड्यातून एकदा तासभर चालू करा. व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतला ओलावा निघून जातो. वाजवलं तर आणखी चांगलं. चालू करताना स्पीकर जोडलेला हवाच. स्पीकरशिवाय वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि स्पीकरला गिटारची केबल लावू नका, त्याला जाड तारेची वेगळी केबल लागते.

कुणी हे वाचून ॲम्प उघडणार असेल तर कळकळीने सांगतो: प्लग काढल्यावरही सप्लायच्या कंडेन्सरमध्ये तीनशे ते पाचशे व्होल्ट उभे असू शकतात. ते माणूस मारायला पुरे आहेत. योग्य वॉटचा रेझिस्टन्स लावून चार्ज उतरवा, मीटरने मोजा, शून्याजवळ आल्याशिवाय हात घालू नका. ओल्या जमिनीवर, अनवाणी, कधीच नाही. मोजायची सवय नसेल तर उघडूच नका.

मालवणच्या ॲम्पचं पुढे काय केलं ते सांगतो. त्याला दोन्ही चॅनेलं एकाच सेटिंगवर हवी होती; गाण्याच्या मध्ये वाकून नॉब फिरवणं शक्य नाही. उघडून पाहिलं तर लीडच्या जादा टप्प्यांकडे जाणारा जोडणीचा कंडेन्सर रिलेच्या पलीकडे होता, म्हणजे फक्त लीडच्या वाटेवर. तिथे ०.०२२ होता आणि पुढे ४७० के. तो काढून ०.००२२ घातला. आता त्या वाटेवर साधारण १५४ हर्ट्झच्या खाली बेस उतरत जातो, आणि फुटणाऱ्या टप्प्यांपर्यंत कमी पोचतो. क्लीनच्या वाटेला हातही लागला नाही. बेस पाचवर, मिड सहावर ठेवून दोन्ही चॅनेलं तपासली. लीडवर खालच्या तारांची कॉर्ड ऐकू येते, क्लीन भरलेलं आहे. काढलेला कंडेन्सर छोट्या पाकिटात घालून ॲम्पच्या लाकडी पेटीत आतून चिकटवला आणि पाकिटावर त्याची जागा लिहिली, म्हणजे पुढे कुणाला मूळ सर्किट हवं असेल तर शोधत बसायला नको. स्पीकर बदलायचे पैसे वाचले. त्यातून त्याने स्टिरिओ जॅकची नवी केबल घेतली.

ज्यांना ॲम्पमध्ये डाग (सोल्डर) द्यायचा नाही त्यांच्यासाठी हेच काम ॲम्पच्या समोर ठेवलेला पेडल करू शकतो. हिरवा ट्यूब स्क्रीमर, किंवा त्याच धर्तीचा कुठलाही: तो साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी गेन देतो. गेन शून्याजवळ, लेव्हल पुढे, असा ठेवून लीड चॅनेलच्या आधी लावला की व्हॉल्व्हकडे जाणारा बेस आवळला जातो. फक्त क्लीनवर जाताना तोही बंद करावा लागतो, म्हणजे दोनदा पाय.

माझ्याकडे चॅनेलची तक्रार घेऊन येणार असाल तर तुमचा स्वतःचा फूटस्विच, त्याची केबल आणि तुमची गिटार सोबत आणा. नॉब तुम्ही वाजवता तसेच ठेवून मोबाइलवर पॅनेलचा फोटो काढा, कारण एसटीच्या प्रवासात ते फिरतात.